बिडाचं जू

गेल्या महिन्यात शिरोलीच्या एका ओतशाळेत गेलो होतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी लोखंडी स्टँड ओतून घ्यायचे होते. तिथला एक तरुण सुपरवायझर कामगारावर ओरडत होता, "गिऱ्हाइकाला बिडाचं जू बसवतोस व्हय रं?" आजूबाजूचे हसले. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "म्हण हाय सर आमच्यात. पूर्वी उद्यमनगरात एक मिस्त्री हुता. मोटरसायकलला बिडाचा तुकडा घालून त्यानं एक माणूस लंगडा केला. तवापासनं फसव्या कामाला आमी असं म्हणतो."

मला संताप आला. तरी मी ती म्हण तशीच चालू दिली. स्टँडची मापं दिली आणि घरी आलो. गेली पंचवीस वर्षं मी हेच करत आलो आहे, आणि आता त्याचा मला वीट आला आहे. त्या मिस्त्रीनं कुणाला लंगडं केलेलं नाही. ते मी केलं.

तेव्हा मी नुकताच हायस्कुलात मास्तर झालो होतो. लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटरसायकल माझ्याकडे होती. पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा जुन्या पद्धतीचा, चार लोखंडी दांड्यांचा, मध्ये एक मोठी स्प्रिंग. खड्डा आला की मनगटापासून दातांपर्यंत हादरा बसायचा. गंगावेशीत चहाला थांबलो की मित्र म्हणायचे, "आला बघा मास्तर, नाकतोडा घिऊन!" मला ते झोंबायचं. नव्या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या, आत तेल भरलेल्या नळ्या येऊ लागल्या होत्या. पुण्याच्या जुन्या बाजारात एका मोडलेल्या गाडीच्या तशा नळ्या मिळाल्या, त्या घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शेड पुढे, घर मागे. त्यांचा एक नेम गावाला माहीत होता. काम झालं की गाडी स्वतः पन्हाळ्यावर चढवायची, उतरवायची, आणि मगच नव्या भागावर पंचनं ठसा मारायचा. तीन टिंबं, बस्स. तो ठसा दिसला की जुनी गाडीसुद्धा लोक डोळे मिटून विकत घ्यायचे.

नळ्या माझ्या गाडीला बसेनात. दोन्ही नळ्यांना खाली एकत्र धरून ठेवणारा जाड तुकडा नव्यानं करावा लागणार होता. मिस्त्री त्याला जू म्हणायचे, दोन बैलांच्या मानेवर असतं तसं. त्यांनी लाकडाचा नमुना केला, ओतशाळेतून बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, एक जू ओतून आणलं आणि नळ्यांसकट गाडीला चढवून पाहिलं. माप बरोबर आलं. मी आनंदानं म्हटलं, "झाली की मग गाडी!"

"कुठली झाली? ह्यो निस्ता मापाला हाय. खरं जू पोलादाचं. लोहाराकडं घडवायला टाकलंय. आठवडा लागंल."

"दिसायला तर तसंच आहे."

"दिसायला मीबी पैलवान दिसतो," मिस्त्री म्हणाले. "बीड वाकत न्हाई मास्तर, एकदम मोडतं. पोलाद वाकतं आदी. सांगतं तरी, की बाबा, आता उतर."

हे त्यांनी मला इतकं स्पष्ट सांगितलं होतं. समजलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीच्या सासरी मयत झाली आणि ते चार दिवसांसाठी गडहिंग्लजला गेले. इकडे मी गंगावेशीत सांगून बसलो होतो की रविवारी नवी गाडी दाखवतो. मित्र म्हणाले होते, "दावशील, दावशील. नाकतोड्याचा हत्ती कदी हुतोय बघू." एवढ्याशा कारणासाठी, हो, एवढ्याशाच, मी रविवारी सकाळी शेडवर गेलो आणि मिस्त्रींच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, मिस्त्रींनी गाडी न्यायला सांगितलंय."

"न्या की भावजी, तुमचीच हाय," ती म्हणाली आणि आत भाकरीकडे वळली.

गाडी बाहेर काढताना माझ्या मनात आलं, मित्र ठसा बघतील. पंच बाकावरच पडलेला होता. तो बिडावर टेकवून मी हातोडीचा एक घाव घातला. तीन टिंबं उमटली. मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. वाटला तो अभिमान.

रविवार गावात मिरवण्यात गेला. सोमवारी गावाहून दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती करणारा, ज्यानं स्वतः शाळा सोडून मला शिकवलं. शाहूवाडीला एक म्हैस बघायला जायचं होतं त्याला. "दे तुजी नवी गाडी. बघू तरी कसली पळती."

मला एकच वाक्य बोलायचं होतं: दादा, त्यात बीड आहे. पण मग गाडी खोटं बोलून आणली, हेही सांगावं लागलं असतं, आणि ठशाचंही. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हणालो, "सावकाश जा."

वाटेत बांबवड्याच्या पुढे उतारावर एका खड्ड्यात जू मधोमध मोडलं. पुढचं चाक निसटलं. दादाच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

मिस्त्री गडहिंग्लजहून आले ते तडक दवाखान्यात. हातात मोसंब्यांची पिशवी होती. दादाच्या खाटेभोवती भावकीतली माणसं उभी होती आणि उशाशी मोडलेलं जू ठेवलं होतं. मिस्त्रींनी एक तुकडा उचलला, मोडलेली बाजू उजेडाकडे धरली.

"हे तर मापाचं हाय. ही गाडी मी दिलीच न्हाई."

"मग ह्यो ठसा कुणाचा?" दादानं विचारलं.

मिस्त्रींनी तुकडा फिरवला. तीन टिंबं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ते समजले होते. सगळं समजले होते.

"ठसा माझा हाय," ते हळू म्हणाले. "मारला मी न्हाई."

कुणीतरी हसलं. "आता ठसा आपसूक उमटतोय म्हणायचा!"

दादा माझ्याकडे वळला. "तू सांग रं. गाडी ह्यानं दिली का न्हाई?"

मिस्त्री वाट बघत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आरोप केला नाही. मीच बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मास्तर होतो ना मी.

"दिली," मी म्हणालो. "ठसा बघूनच नेली मी."

दादा मिस्त्रींना म्हणाला, "पावणं, जरा हिकडं या." ते वाकले. दादानं पडल्या पडल्या त्यांच्या थोबाडीत मारली. आवाज सगळ्या खोलीत घुमला. मिस्त्रींनी तुकडा खाटेवर ठेवला, मोसंब्यांची पिशवी तिथेच ठेवली आणि ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बीड घालून ठसा मारतो.

काही दिवसांनी त्यांची बायको शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "भावजी, तुमीच म्हणालासा न्हवं, त्यांनी न्यायला सांगितलंय म्हणून? येवढं तरी सांगा की लोकास्नी." मी म्हणालो, "वहिनी, तास सुरू होतोय." आणि वर्गात गेलो. कुठला धडा होता आठवत नाही. पोरं शांत बसली होती आणि मला त्या शांततेचा राग आला होता, एवढं आठवतं. एकाला विनाकारण छडी मारली.

पावसाळ्याच्या आत शेडला कुलूप लागलं. मिस्त्री गडहिंग्लजकडे गेले, उसाच्या पट्ट्यात पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला. पुढं कुणी म्हणालं, पूर्वीसारखा ठसा मारत नाहीत. मी ऐकलं आणि विषय बदलला.

आणि लोक! एका रात्रीत त्यांनी वीस वर्षांचं काम विसरून दाखवलं. मला त्यांचाही संताप येतो. पण त्यांच्यावर चिडलो की माझं ओझं हलकं होतं, हे मला कळतं, म्हणून तो संताप मी आता मोजूनच करतो.

शिरोलीहून परतलो त्याच आठवड्यात गावी दादाकडे गेलो. तो घराच्या पुढच्या सोप्यात गुडघ्याला तेल चोळत बसला होता. नेहमीसारखी त्यानं मिस्त्रीला एक शिवी दिली. मी म्हणालो, "दादा, त्यांना शिव्या देऊ नकोस." आणि सगळं सांगितलं. मिस्त्रींच्या बायकोशी बोललेलं खोटं, पंच, किल्ली देताना माहीत होतं ते. काहीही वगळलं नाही.

मला वाटलं होतं, काठी उचलेल. उचलावी असंही वाटत होतं. दादानं आपल्या उजव्या पंजाकडे पाहिलं.

"मी मारलं रं त्याला," तो म्हणाला. "समद्यांच्या म्होरं. मोसंबी घिऊन आलता."

"चूक माझी आहे, दादा."

"तुजी तुज्यापाशी ठेव. पाय ग्येला त्याचं काय न्हाई, लंगडत जगलो मी. पर माझ्या हातानं मारायला लावलंस तू मला." मग त्यानं विचारलं, "गडहिंग्लजची येष्टी किती वाजता हाय?"

मी म्हणालो, मीही येतो. तो माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. "तू न्हाई यायचं! तुज्यासंगट गेलो तर तो पुन्यांदा तुज्याच तोंडाकडं बघंल. तुला जायाचं तर तुजा तू जा. मागनं."

सकाळी काठी टेकत तो एकटा गाडीत चढला. मी खाली उभा होतो, खिडकीतून त्यानं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. हातपाय धुतले, जेवला. मिस्त्री कसे आहेत, काय म्हणाले, मी विचारलं.

"ते आमचं हाय," दादा म्हणाला आणि ताट सारलं.