मामाच्या वावरातलं ढेकूळ

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाड गावी दुकानात ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट हातात धरून उभा होतो. "मामा, बाबा गेले..." भाची एवढंच बोलली. बेल्ट तिथंच राहिला. सव्वा महिना होत आला, अजून आणलेला नाही. दिगंबर भाऊजी म्हणजे माझ्या कमलताईचे यजमान, उंद्रीचे. या माणसानं शेवटची तेरा वर्षं वावरात नांगर घालायचा नाही असं ठरवलं, आणि त्यांचा सख्खा साळा, म्हणजे मी, नांगरटीच्या ट्रॅक्टरवर पोट भरणारा! देवानं काय जोडी जमवली होती, सांगा.

आमच्याकडे तूर निघाली की वावर नांगरून काळंभोर करून ठेवायची रीत. न नांगरलेलं वावर म्हणजे आळशाचं वावर. भाऊजी मात्र सोयाबीन, तूर बुडाशी कापायचे, मुळ्या जमिनीतच ठेवायचे, मळणीचं कुटार, म्हणजे भुसा, वर पसरायचे आणि पुढच्या हंगामात त्यातच बी टोकायचे. लोक विचारायचे, "काऊन हो दिगंबरराव, साळा रुसला का?" भाऊजी माझ्याकडे बघत म्हणायचे, "मुळ्या सडल्या का त्याच वाटेनं पानी खाली मुरते. अन् गांडूळ नांगरून देते, त्याले डिझल नाही लागत." मी म्हणायचो, "मंग गांडुळालेच साळा म्हना!" आणि दोघंही पोट धरून हसायचो.

ताईला मात्र हसू येत नसे. हळदीकुंकवात बाया टोमणे मारायच्या. एका उन्हाळ्यात भाऊजी बीबी गावाला लग्नाला गेले आणि तिचा फोन आला. "ये अन् नांगरून टाक. बाकीचं माह्यावर सोड. मले बायांत तोंड दाखवू वाटत नाही." मी तर टपलेलोच होतो. नाल्याच्या बाजूनं सुरुवात केली, अर्धं वावर उलथलं, आणि वर पाहतो तर बांधावर भाऊजी! जेवणाची पंगत सोडून लवकर निघालेले. मी ट्रॅक्टर बंद केला.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकले, एक ढेकूळ उचललं, तुटलेल्या मुळ्या बोटांनी चाचपल्या. "सात वर्सं लागली होती बे याले..." मग हात झटकून म्हणाले, "अर्धं झालं ना? आता उरलेलं राहू दे. अन् जेवून जाजो." त्या दिवशी ताटावर ना मी मान वर केली, ना ताईनं.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी असा पाऊस कोसळला की समोरचं दिसेना. सगळ्या शिवाराची माती नाल्यात. माझ्या अर्ध्यात हातभर खोल ओघळी पडल्या, कोवळं सोयाबीन मुळासकट वाहून गेलं. आणि त्याला लागूनच असलेल्या भाऊजींच्या अर्ध्यातून पाणी निघत होतं ते नितळ! पुढं पावसानं दडी मारली, तेव्हा माझ्याकडचं उरलंसुरलं पीक दुपारी माना टाकायचं, त्यांचं हिरवंगार उभं. टोमणे मारणारे एकेक करून बांधावर येऊन उभे राहिले. भाऊजींनी घरून काचेचे दोन ग्लास मागवले आणि दोन्हीकडचं एकेक वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाकलं. माझं बघता बघता चिखल झालं. त्यांचं मुळ्यांनी धरून ठेवलेलं, होतं तसंच राहिलं.

"साळ्यानं लय मोठं काम केलं," भाऊजी सगळ्यांसमोर बोलले. "मी सात वर्सं सांगून राह्यलो, कोनी ऐकलं नाही. यानं एका दुपारात दाखवून देलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. पुढच्या वर्षी चार जणांनी नांगर बंद केला, मग आणखी काहींनी. मीही नांगर सोडला, ट्रॅक्टरला टोकण यंत्र लावलं. आज उंद्रीत मला कामातून फुरसत नाही.

पण माझ्या जिवाला एकच घोर होता. त्या अर्ध्याला गावानं 'मामाचं वावर' नाव दिलं होतं, आणि मी बिघडवलेली ती माती सुधरेना. दर उन्हाळ्यात भाऊजी तिथलं ढेकूळ ग्लासात टाकायचे आणि फोन करायचे, "विरघळलं बे, यंदाही. पन उशिरा विरघळलं." शेवटचे भेटले तेव्हा म्हणाले, "औंदा पास होते वाटते तुह्यं वावर." आणि उन्हाळा लागायच्या आत गेले...

परवा ताईनं स्वैपाकघराच्या खिडकीतला तोच ग्लास धुऊन पाण्यानं भरला. "जाय, घेऊन ये." मी मामाच्या वावरातून वाळलेलं ढेकूळ आणलं आणि हलकेच सोडलं. चार बुडबुडे आले. आम्ही बघत बसलो. चहा झाला, पाणी नितळ. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, तरी पाणी नितळ. ताई माझ्याकडे बघायला लागली. सवयीनं मी फोन काढला, नंबर लावला, आणि आतल्या खोलीत भाऊजींचा फोन वाजला. ताईनं तो चार्ज करून ठेवलेला होता. ती उठली, तिनं तो उचलून कानाला लावला. दारात उभी राहून म्हणाली, "बोल."

"भाऊजी," मी मोठ्यानं म्हणालो, "पास झालो!"