लंकेचा आजचा भाव

पनवेलच्या बाजारात परकीय चलनाच्या एका दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरवर बसते आहे. दिरहम, रियाल, दिनार, डॉलर, युरो, सगळं माझ्या हातांतून जातं. आमचे शेठ कोकणी मुसलमान, सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो. गिऱ्हाईक बहुतेक आखातात नोकरीला असणारं. दुबईच्या गल्ल्या, दोह्याचा उकाडा, कुवेतच्या खोल्यांची भाडी मला ऐकून ऐकून पाठ झाली आहेत. पण मी स्वतः गोव्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. भाच्याच्या लग्नाला मस्कतला जायचं म्हणून एकदा पासपोर्ट काढला होता. ऐन वेळी सासूबाई आजारी पडल्या, आणि पासपोर्ट खांदा कॉलनीतल्या आमच्या कपाटात साड्यांखाली पडून राहिला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आमच्या दुकानात मच्छी मार्केटातली मावशी आली. उलव्याकडच्या कोळीवाड्यातून रोज पहाटे टोपली घेऊन येते, आणि मी कोळंबी तिच्याशिवाय कुणाकडून घेत नाही. ती दुकानात पहिल्यांदाच येत होती. ओले हात पदराला पुसत तिनं काचेच्या भोकातून विचारलं, "बाय, लंकेचा पैसा कसा दिलास?"

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं फोन पुढे केला. एका टूरवाल्याचा मेसेज होता. श्रीलंका, पाच दिवस, निम्म्या पैशांत, कमीत कमी आठ जणी हव्यात. मावशीच्या महिला मंडळाच्या आठ जणी तयार होत्या. सगळ्या मासे विकणाऱ्या, सगळ्यांचे पासपोर्ट नवेकोरे.

"मावशी, तिकडे गडबड चालू आहे," मी म्हटलं. "पावसाळ्यात लोक रस्त्यावर उतरले होते, सरकार बदललं. पेट्रोलला रांगा होत्या. म्हणून तर स्वस्त आहे."

"त्येच तर इचारतंय. भांडण सरकारचं. मग पैसा कशाला पडतो? पैशानी काय केलं?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक भाव विचारतात, कुरकुर करतात आणि पैसे घेऊन जातात. मी काउंटरमागून बाहेर आले आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. "सरकार डळमळलं, की लोकांना वाटतं या नोटेचं उद्या काय होईल कोण जाणे. मग जो तो ती नोट देऊन डॉलर घ्यायला धावतो. त्यात बाहेरचे फिरायला येणारे भीतीनं येत नाहीत, म्हणजे डॉलर आत येणंही थांबतं. डॉलर थोडे आणि घेणारे फार."

"म्हंजे पापलेट एक टोपली न गिऱ्हाईक धा."

"बरोब्बर."

"न त्यांची नोट म्हंजे दुपारी दोनची मांदेली. फुकाट दिली तरी कुनाला नको."

चाचा गल्ल्यावरून मोठ्यानं हसले. म्हणाले, "बाई, हिला आपल्या काउंटरवर बसवा."

मग मी तिला हिशेब सांगितला. लंकेचा पैसा इथे मिळत नाही. इथे रुपये देऊन डॉलर घ्यायचे, आणि तिकडे डॉलर देऊन त्यांचे रुपये. पूर्वी आपल्या एका रुपयाला त्यांचे अडीच-पावणेतीन पडायचे, आता साडेचारच्या घरात होते. पण युरोपात युद्ध पेटल्यापासून डॉलर आपल्याकडेही चढत होता, ऐंशीच्या वर गेला होता. म्हणजे तिकडे फायदा आणि इकडे तोटा. मावशीनं डोळे बारीक करून सगळं ऐकलं आणि विचारलं, "यो भाव रोज बदलतो?"

"दिवसातून दहादा."

तिचा चेहरा असा उजळला, की जणू मी तिला तिच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावात नेऊन सोडलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी माल लावून झाला, की ती दुकानाच्या दारात उभी राहायची. "काय बोलतो आज?" मी फळ्यावर आकडा लिहायची आणि ती मान हलवून जायची. तिच्या मागोमाग मंडळातल्या दुसऱ्या दोघी-तिघी यायला लागल्या. मच्छी मार्केटात डॉलरची चर्चा सुरू झाली. एकदा मी कोळंबी घ्यायला गेले, तर एक अनोळखी बाई मला विचारते, "काल संध्याकाळी उतरला ना गो?" मला स्वतःलाही चैन पडेनासं झालं. रात्री जेवताना फोनवर भाव बघायची, आणि नवरा म्हणायचा, "तुला पगार डॉलरमध्ये मिळतो का?"

चाचांचा सल्ला होता, थांबा, डॉलर खाली येईल, इन्शाअल्ला. मावशीनं मानला नाही. "अर्धं आज, अर्धं निघायच्या आदल्या आठवड्यात. सगळा माल मी एकाच वक्ताला कवा इकत नाय, मग घेऊ कशाला?" आठही जणी पासपोर्ट आणि तिकिटं घेऊन आल्या, दुकानात बसायला जागा उरली नाही. दोन दिवसांनी डॉलर खरोखरच चढला. मग पुन्हा उतरला आणि तिनं उरलेले अर्धे घेतले. मार्केटात तिचा भाव डॉलरपेक्षा जास्त वधारला.

निघायला चार दिवस असताना टीव्हीवर कोलंबोतला मोर्चा दाखवला. पोलीस पाण्याचे फवारे मारत होते. त्याच संध्याकाळी आठांपैकी एकीच्या मुलांनी तिला जायला साफ मनाई केली. टूरवाल्यानं कळवलं, आठवी सापडली नाही तर सहल रद्द.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती भाव न विचारता थेट काचेला नाक लावून उभी राहिली.

"बाय, तुजा पासपोर्ट हाय?"

"आहे. पण..."

"चालू हाय ना अजून?"

"वर्षभर आहे."

"मग झालं. आठवी तू."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं, की ती हसत नाहीये. माझ्या हातात कुणाच्या तरी रियालची गड्डी होती, ती मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी रजेचा अर्ज मागितला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "जा बाई. एवढी वर्षं लोकांच्या सफरीचे पैसे मोजलेत. एकदा स्वतः खर्चून बघा."

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा आनंदानं माझा आवाज इतका चढला होता, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

कोलंबोच्या विमानतळावर बाहेर पडताना एका ओळीत पैसे बदलायचे काउंटर लागतात. प्रत्येकावर भावाचा फलक आणि प्रत्येक काचेमागे माझ्यासारखीच एक काउंटरवाली. मी तिथे थबकले. जन्मात पहिल्यांदा मी काचेच्या या बाजूला होते. "मॅडम, गुड रेट, गुड रेट," त्या मुली ओरडत होत्या. मी फलकावरचा भाव बघून पर्स उघडणार, तेवढ्यात मावशीनं माझा हात धरला.

"थांब. पयल्या टोपलीशी कोन घेतं?"

ती ओळीतल्या शेवटच्या काउंटरपर्यंत चालत गेली आणि परत आली. मधल्या काउंटरपुढे उभी राहून तिनं आम्हा आठ जणींकडे बोट दाखवलं, मग आठ बोटं दाखवली, मग भाव वाढव म्हणून वर बोट केलं. भाषा एकही नाही. आतल्या मुलीनं यंत्रावर एक आकडा दाबून दाखवला. मावशीनं मान हलवून पलीकडच्या काउंटरकडे पाऊल टाकलं. मुलीनं तिला हाक मारली आणि डॉलरमागे तीन रुपये वाढवून दिले. मी एकोणीस वर्षं लोकांना सांगत आले होते, की फलकावरचा भाव तो भाव. आमच्या हातात नोटांचे असे गठ्ठे आले, की सगळ्या जणी विमानतळावरच हसत सुटल्या. एक म्हणाली, "आता मी लखपती हाय, माझ्याशी नीट बोला!"

आमच्या गाडीचा चालक तमिळ होता. कुवेतमध्ये सहा वर्षं राहिल्यामुळे हिंदी बोलायचा. आमचा गोंगाट तो हसतमुखानं ऐकत होता. मी गठ्ठा पर्समध्ये कोंबताना तो आरशातून बघून म्हणाला, "मॅडम, पिछले साल इतने में मेरा घर तीन महीना चलता था. अभी एक महीना." तक्रारीचा सूर नव्हता. पेट्रोलच्या रांगेत आपण गाडीतच दोन रात्री झोपलो होतो, असंही त्यानं सांगितलं. गाडीतलं हसू जरा कमी झालं.

चौथ्या दिवशी निगोंबोला गेलो. समुद्रकाठी एवढी मासळी वाळत घातलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. वाळूवर लांबच लांब तागाची कापडं आणि त्यांवर चंदेरी थर. आमच्या सगळ्या जणी गाडी थांबायच्या आत उतरल्या. हा कुठला मासा, याला आपल्यात काय म्हणतात, मीठ किती लावतात, एकच कल्लोळ! मावशी मात्र होड्यांकडे बघत होती. ओळीनं होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या.

"सकाळचे नऊ वाजलेत न होड्या काठाला कशा?" तिनं चालकाला विचारलं.

होडीच्या इंजिनाचं रॉकेल परवडत नाही, तो म्हणाला. जे बाहेरून येतं ते डॉलरमध्ये घ्यावं लागतं, म्हणून त्याचा भाव तिप्पट झाला. मासा मात्र इथल्याच रुपयात विकला जातो.

मावशीनं सुकी कोळंबी विकणाऱ्या एका बाईसमोर बैठक मारली. वयानं तिच्याएवढीच असेल. भाव विचारला. मी फोनवर आपल्या रुपयात करून सांगितला. मावशी ताडकन माझ्याकडे वळली. "पुन्ना कर. चुकलीस."

मी पुन्हा केला. तोच आला.

"या भावात मिठाचा खर्च तरी निघतो का गो?" ती त्या बाईला मराठीतच रागे भरली. "काय करतीस? कोनी तुला शिकवलं असं?" मी ते चालकाला हिंदीत सांगितलं आणि त्यानं तिच्या भाषेत. बाई ओशाळून काहीतरी बोलली. गिऱ्हाईकच नाही, पाहुणे येतात ते घासाघीस करतात, असं तिचं म्हणणं होतं.

तेवढ्यात एक गोरं जोडपं फोटो काढत आलं. मावशीनं त्या बाईला जरा सरकवलं आणि तिच्या पाटावर स्वतः बसली. कोळंबीची एक पिशवी हातात धरली, चार बोटं वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉलर! फोर डॉलर!" गोऱ्या बाईनं वास घेतला आणि नाक मुरडलं. मावशीनं पिशवीतली एक कोळंबी काढून स्वतः खाल्ली, डोळे मिटले, आणि दुसरी तिच्या पुढे धरली. आम्ही सात जणी श्वास रोखून उभ्या होतो. गोऱ्या बाईनं ती खाल्ली. नवऱ्याकडे बघितलं. मग पाकीट निघालं आणि चार डॉलर मावशीच्या तळहातावर आले.

आम्ही असा आरडाओरडा केला, की होड्यांजवळचे पुरुष धावत आले. मावशीनं ते डॉलर त्या बाईच्या मुठीत ठेवले आणि मूठ मिटली. "तिला सांग," ती चालकाला म्हणाली, "पाव्हन्याला तिच्या नोटेत भाव बोलायचा नाय. डॉलरमदी बोलायचा. न आलेला डॉलर लगीच मोडायचा नाय. डब्यात ठेवायचा. होडीत तेल भरायच्या दिवशी मोडायचा."

जे मी काउंटरवर बसून शिकलेल्या लोकांना अर्धा अर्धा तास समजावते, ते तिनं चार-पाच वाक्यांत सांगितलं. ती बाई आधी हसली, मग पदरासारखं फडकं तोंडाला लावून रडली, मग पुन्हा हसली. त्या दुपारपर्यंत आणखी पाच पिशव्या डॉलरमध्ये गेल्या. उरलेल्या आम्ही घेतल्या. मावशीनं आम्हालाही एक पैसा सूट मिळू दिली नाही.

परत आल्यावर महिनाभरानं मावशी भर बाजाराच्या वेळी दुकानात घुसली. चालकानं तिच्या फोनवर एक फोटो पाठवला होता. त्याच पाटावर तीच बाई, शेजारी पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिलेली पाटी, आणि मागे वाळूवर होड्यांची ओळ. त्या ओळीत एका होडीची जागा रिकामी होती. चालकानं खाली लिहिलं होतं, तिचा नवरा मासेमारीला समुद्रात गेलाय.

"पाटीवर काय लिवलंय, वाच."

मी वाचलं, "सुकी कोळंबी, सहा डॉलर."

"सहा?" मावशी एवढ्यानं ओरडली, की रांगेतली दुबईवाली दोन गिऱ्हाइकं दचकली. "मी चारच बोललेलं! हुशार निगाली गो ही!" तिनं फोन माझ्या हातातून घेतला, चाचांना दाखवला, रांगेतल्या दोघांना दाखवला. मग टोपलीतला बर्फ वितळतोय हे आठवून, फोन कमरेला खोचून, मार्केटकडे पळत सुटली.