सारजाबाईंनी लावलेले शंख

कळंबच्या सारजाबाईंना एकच गोष्ट बघवत नाही, ती म्हणजे लहानमोठा एकत्र पडलेला माल. डाळिंबाची तोड सुरू झाली की त्या झाडाखाली ताडपत्री टाकून बसतात आणि हाताला येईल ते फळ मोठ्यात, मध्यमात नाहीतर गोटीत, म्हणजे सगळ्यात बारक्यात, टाकत जातात. वजनकाटा त्यांना लागत नाही. पुढे ही सवय शेतापुरती राहिली नाही. घरातले बटाटेसुद्धा आकाराने लावलेले असतात. त्यांचा मुलगा इंद्रजित पाहुण्यांना सांगतो, "आईपुढं लई वेळ गप उभं राहू नका, तुमालाबी पेटीत घालंल."

सून वृषाली इंदापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्री गोगलगायींवर तिची पीएचडी चाललेली. रीतसर परवानगी काढून ती लक्षद्वीपमधल्या एका टोकाच्या बेटावर गेली आणि मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख, कवड्या घेऊन आली. खडकावरचे एका पिशवीत, वाळूतले दुसरीत, प्रवाळावरचे तिसरीत, आणि प्रत्येकीत जागेची चिठ्ठी. कुठली जात कुठं राहते, हाच तिचा विषय.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, तर ओसरीवर तीन क्रेट मांडलेले. शंख धुऊन, पुसून चकचकीत.

"लई गबाळं भरलं हुतंस गं," सारजाबाई म्हणाल्या. "हरभऱ्यायेवढं आन मुठीयेवढं एकाच पिशवीत. समदं नीट लावून ठिवलं."

"आणि चिठ्ठ्या, आत्या?"

"भिजल्या. चुलीत घातल्या."

वृषाली उंबऱ्यावर बसली. ती रडली नाही की ओरडली नाही, त्यामुळे सारजाबाई जास्तच घाबरल्या. मग सुनेनं सावकाश सांगितलं : बारका आणि मोठा शंख एकाच जातीचे असू शकतात, पिल्लू आणि आईसारखे. आता कोण कुठला, हे कळायचं कसं?

"म्हंजी मी लेकरं आयांपासनं तोडली म्हण की."

"तसंच काहीसं. पण पिशव्या भरताना फोटो काढलेत मी. जुळतील तेवढे जुळवू."

मग संध्याकाळी कामं उरकली की सासूसून लॅपटॉपसमोर बसू लागल्या. सारजाबाईंची नजर तेज, पण घोडं आकाराशीच अडायचं.

"ह्यो मोठा हाय, खडकावरचाच असणार."

"मोठेपणावर नाही, आत्या. तोंड बघा, टोक बघा, ठिपके बघा."

"नवरी बघायला आल्यालं पाव्हणंबी येवढं बघत न्हाईत."

हळूहळू बहुतेक शंख आपापल्या पिशवीत गेले. शेवटी राहिला एक निमुळता, तपकिरी. वृषालीला तोच कुठल्याच ओळखीच्या जातीत बसवता येत नव्हता, आणि फोटोत तो दुसऱ्या शंखाखाली झाकला गेला होता.

"ठिव की वाळूच्या पिशवीत. कोण इचारतंय?"

"आत्या, तुमच्या पेटीत कुणी वर मोठी आणि खाली गोटी भरली तर?"

"हात मोडीन त्याचा."

तो शंख त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला.

"ह्याच्याबिगर तुझं अडतंय का?"

"प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण ह्याच्यावर होतं. जागा माहीत नसेल तर ते लिहिता येणार नाही."

"तिकडं आनखी असत्याल की."

"असतील. पण सुट्टी मिळणार ती ऐन तोडीत."

"तोड काय, दरसाल येतीया. मी हाय, इंद्रजित हाय. तू जा."

वृषाली गेली. तोडीच्या दिवसांत सून दिसेना म्हणून शेजारची छबूबाई खोचकपणे म्हणाली, "हवापालट व्हय?"

"न्हाय," सारजाबाई फळं लावता लावता म्हणाल्या, "माझ्या हातनं तिचं काम बिघडलं, ते नीट कराया गेलीया."

बेटावर फोन लागता लागत नसे. एका दुपारी लागला.

"सापडले, आत्या. प्रवाळाच्या कडेला, दोन."

"लिवलंस का, कुठं घावलं त्ये?"

"लिहिते ना, आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"आधी लिव्ह," सारजाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.