वणीच्या खोलीतला हळदीचा पंजा

हळदीच्या एका पंज्यासाठी मी एका कुटुंबाचं सगळं डिपॉझिट कापलं.

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझा विश्वास अ‍ॅडव्हान्स भाड्यावर. यवतमाळला दोन फ्लॅट, वणीला ट्रकवाल्यांच्या वस्तीत चार खोल्या... प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, आणि माझ्या डोक्यात सगळी खिचडी. म्हणून मी हुशारी केली. फ्लॅटचा नियम वणीच्या चुना मारलेल्या खोल्यांनाही लावला — भिंतीवर डाग दिसला की डिपॉझिट विसरा.

पहिल्या सापडल्या कमलबाई. नवऱ्याचं कोळशाच्या गाड्यांवरचं काम सुटलं, म्हणून मुकुटबनला भावाकडे निघाल्या होत्या. तिथे खोली घ्यायला हेच डिपॉझिट भरायचं होतं. पण त्यांच्या पोरीने, पिंकीने, घरच्या लग्नातली हळद लावून खिडकीखाली पंजा उमटवला होता.

"भाऊ, लेकराचा हात आहे. चुन्याचा एक पोचारा मारला का झालं."

"चांगला रंग मारा लागते, ताई. नियम सगळ्यांले सारखा."

त्या गाठोडं उचलून निघून गेल्या.

रंग मारला. पंजा पुन्हा आला. पेंटर म्हणाला, "हळद आहे, रंगातून फुटतेच." पटलं. पुढच्या वर्षी पुन्हा मारला, तर पंजा खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेला... आणि मोठा झालेला. भाडेकरू येत, भिंत पाहत, पाणी पिऊन निघून जात. तिसऱ्या रंगानंतर पंजा चौकटीच्याही वर आला — आणि आता करंगळी वाकडी.

शहाण्या माणसाने इथे डिपॉझिट परत केलं असतं. मी पतंगाचा पातळ कागद लावून पंजा पेनाने गिरवून घेतला आणि मुकुटबन गाठलं. हळदीत काय मिसळलं होतं ते विचारायला. जमलंच तर नुकसानभरपाई मागायला.

कमलबाई आणि घरचे अजून भावाच्या टिनाच्या छपरीतच राहत होते. पिंकी पाण्याचा गिलास घेऊन आली. गिलास धरलेल्या हाताची करंगळी वाकडी.

"हे कधी झालं?"

"औंदा बैलबंडीवरून पडली," कमलबाई म्हणाल्या. "वणीले होतो तवा सरळ होतं बोट."

मी कागद खाटेवर पसरला. "हात ठेव, बेटा."

तिने ठेवला. रेघ आणि बोटं यांच्यात कुठेच फट नाही. करंगळीचा बाकसुद्धा तोच... भर दुपारी अंगावर काटा आला, पण भीती नव्हती. गाभाऱ्यासमोर आवाज आपोआप खाली जातो ना, तसं झालं. नुकसानभरपाईचं वाक्य प्रवासात पाठ केलं होतं, ते कुठे गेलं कोण जाणे.

तिथेच बसून फोनवरून सगळं डिपॉझिट परत केलं, आणि मग भिंतीची हकीकत सांगितली.

पंजा आजही भिंतीवर आहे. त्यानंतर तो वाढला नाही. पिंकी मात्र वाढतेय, नव्या खोलीत. वणीची भिंत मुकुटबनच्या हाताबरोबर कशी वाढत होती, हे कुणाला कळलं तर मलाही सांगा. पेंटरला विचारून झालंय, तो अजून हळदच म्हणतो.

त्या दिवशी कमलबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. फोनवर पैसे आलेले पाहिले. कागदावर टेकलेला पोरीचा हात उचलून आपल्या हातात घेतला, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे भाऊ, पैसे कापले चांगल्या रंगाचे, अन् मारला स्वस्तातला."