परबकाकांची कार्डं आणि माझी प्लॅटिनम लिस्ट

परबकाकांना मी पहिल्यांदा भेटले त्या दिवशीच चिडले होते. दादरच्या आमच्या साडीच्या दुकानात माझा पहिला दिवस होता. मालकांनी मला एकाच कामासाठी ठेवलं होतं : बिलांचा डेटा बघून श्रीमंत गिऱ्हाइकं शोधायची आणि महाग पैठण्या त्यांच्यापर्यंत पोचवायच्या. मी लॅपटॉप उघडते न उघडते, तोच गादीवर बसलेल्या काकांनी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गो? माहेरचं सांग."

सांगितलं. त्यांनी चपलांच्या खोक्यातून एक कार्ड काढलं. म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा, मागे पेन्सिलीने लिहिलेलं. काकांनी वाचून दाखवलं : डोळा राणी कलरवर, घेतली मोरपंखी, वडील सोबत.

आईची लग्नाची साडी मोरपंखीच आहे. राणी कलरचं मात्र आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"काका, बिल किती झालं ते कुठाय यात?"

"तां तुझ्या मशिनीत आसा मा!"

काका आता पंचाहत्तर वर्षांचे होतायत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवाच्या पुस्तकात सगळे त्यांच्याबद्दल छान छान लिहिणार, आणि ते सगळं खरं असणार. पण त्यांच्याबरोबर काम करणं किती डोकेदुखीचं आहे, हेही कोणीतरी लिहायला हवं ना!

काका लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे लूमवर, होते. संप झाला, गिरणी परत सुरू झालीच नाही, आणि ते या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागले. तेव्हा गिरणीतल्या त्यांच्याच खात्यातल्या, म्हणजे डिपार्टमेंटमधल्या, कामगारांच्या बायका दुकानात यायच्या. पदर उलगडून बघायच्या आणि "उद्या येते" म्हणून निघून जायच्या. काकांनी ते लिहून ठेवायला सुरुवात केली. काय घेतलं त्यापेक्षा काय ठेवून दिलं ते. परत आली की तीच साडी आधी काढायची, तिला मागायला लागू नये. काही जणी सहा-सहा वर्षांनी आल्या, असं काका सांगतात.

हे ऐकून मला रडू आलं होतं, खरंच. पण सिस्टीम म्हणून? फोन नंबर नाही, पत्ता नाही, आणि अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं. एका कार्डावर नावाच्या जागी "कुंकू मोठं, हसरी" एवढंच आहे. आता हिला मी मेसेज कुठे पाठवू?

गेल्या वर्षी आम्ही पैठण्यांचा खास शो ठेवला. वरच्या मजल्यावर, एसीत, बारा खुर्च्या आणि बाराच आमंत्रणं. वर्षभरात सगळ्यात जास्त खरेदी कोणाची, ते मी काढलं. पहिला नंबर सुमन सावंत. प्रत्येक लग्नसराईत ढीगभर साड्या, पत्ता दादर पूर्वेचा. मी धरलं, टॉवर असणार. सोनेरी पत्रिका छापली, वर "सहकुटुंब" लिहिलं. काकांनी माझी ही 'प्लॅटिनम लिस्ट' बघितली आणि नुसते हसले. तेव्हाच बोलायला काय झालं होतं?

शोच्या दिवशी जिन्यावरून सुमनमावशी आल्या आणि त्यांच्यामागून सतरा बायका.

"अगो, सहकुटुंब लिवलंस ना? आमचा मजला म्हणजे कुटुंबच. तरी चौघी कामावर गेल्यात, नायतर त्यापण आल्या असत्या."

टॉवर कसला, नायगावची बीडीडी चाळ! मजल्यावर लग्न कोणाचंही असो, साड्या सुमनमावशीच निवडतात. त्याही गिरणीत होत्या, कापड त्यांना हाताला कळतं. बिल त्यांच्याच नंबरवर, कारण डिस्काउंट मिळतो. माझ्या सॉफ्टवेअरने अख्ख्या मजल्याची एक श्रीमंत बाई करून टाकली होती.

खुर्चीवरच्या एक मॅडम तर उठून चालत्या झाल्या. मालक माझ्याकडे बघत होते. मनात म्हटलं, गेली नोकरी.

काकांनी शांतपणे खुर्च्या सरकवल्या, चादर अंथरली आणि एक जांभळी पैठणी सुमनमावशींच्या हातात दिली. "अशीच बघून गेलेलीस."

"कवा ओ, परबदादा?"

"संपात. चेडू पोटात होतां तुझां."

मावशींनी पदरावरून दोनदा हात फिरवला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "उद्या येते." सगळ्या जणी हसल्या. काकासुद्धा.

खाली आल्यावर मालकांनी विचारलं, "यांना बोलावलं कोणी?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी. पोरीला सुमनचं नाव मीच सुचवलं होतं." माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली. नंतर मी जिन्यात भांडले, "मला आधी सांगायचं ना!" तर म्हणे, "तिच्या कार्डावर लिहिलंय सगळं. वाचायचं होतंस." ती जांभळी पैठणी अजून कपाटात आहे. दोन मोठी गिऱ्हाइकं मागून गेली. काका त्यांना सांगतात, "बुक आहे."

आता काका निवृत्त व्हायच्या आत सगळी कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायची, अशी मालकांची ऑर्डर आहे. काका वाचतात, मी टाइप करते. पण एका कार्डामागे तिची सासू, तिच्या नवऱ्याचं गिरणीतलं खातं, तिच्या मुलीचं बारसं, सगळं येतं. आठवड्याला दोन कार्डं होतात, फार तर. अजून साडेतीन हजार आहेत.

मी हिशोब केलाय. या स्पीडने पस्तीस वर्षं लागतील. शेवटचं कार्ड होईल तेव्हा काका एकशे दहा वर्षांचे असतील आणि मी साठीची. काका, तोपर्यंत तब्येत सांभाळा, चष्म्याचा नंबर वाढू देऊ नका, सुट्ट्या कमी घ्या. माझ्या साठीचा गौरवलेख तुम्हीच लिहायचाय. पत्रिकेच्या पाठीवर, पेन्सिलीने लिहिलात तरी चालेल, पण वाचून दाखवायला तुम्हीच हवे.