तळची पोती

पणदऱ्याच्या शिवेला बंद पडलेली तेलगिरणी होती. तिची शेड आम्ही घेतली आणि पेंडीचं दुकान घातलं. माझे मालक दुधाचा टँकर चालवायचे, म्हणून दुकान मी आणि माझे सासरे, आबा, दोघंच बघायचो. शेड भक्कम होती, पत्रा शाबूत. खोट होती ती जमिनीत. कोबा जुना, वरून दगडासारखा. पण पोतं उचललं की खाली काळा, ओला चौकोन.

शेडला लागूनच आमचा ऊस. कालव्याला पाणी सुटलं की आबा दारं धरायचे, सऱ्या तुडुंब भरायच्या आणि मागोमाग कोब्याला घाम फुटायचा. फळ्या टाकल्या, त्या खालून कुजल्या. जाड रंग मारून घेतला, तर त्याला भाजल्यासारखे फोड आले. मग ओल कुठून येते ते बघायला रंगवाल्याने प्लास्टिकचा कागद चारी कडांनी कोब्याला चिकटवला. सकाळी कागदाच्या आत थेंबच थेंब.

"ताई, वल खालनं येतीया. कितीबी रंग मारा, उसाचं पाणी तोडल्याबिगर उपेग न्हाय."

आबा भडकले. "फरशीपायी ऊस वाळवू व्हय?"

तळची पोती भिजतच राहिली. पेंडीची ढेकळं व्हायची, त्यांवर हिरवट बुरशी. आबांचा एक नेम होता: खराब माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. गावात त्याचं कौतुक व्हायचं. पण टाकूनही द्यायचा नाही. ढेकळं फोडायची, उन्हात वाळवायची आणि आपल्या गाईपुढं ठेवायची. आमच्याकडं बऱ्याच घरांत हेच चालतं. चांगलं विकायला, उरलंसुरलं घरात.

"आबा, वास मारतोय," मी म्हणायचे.

"वाळलं की कायबी व्हत न्हाय."

गाय माझी होती. माहेरहून आंदण आलेल्या कालवडीची ती लेक, गाभण. आधी तिचं खाणं तुटलं, मग ती गाभडली, मग उठेनाच. डॉक्टरांनी पाटीतली पेंड हातात घेऊन हुंगली आणि म्हणाले, "बुरशीचं विष आहे हे. किती दिवस घालताय?" संध्याकाळच्या आत ती गेली.

त्या दिवशी मला आबांचा इतका संताप आला की मी त्यांना जेवायला वाढलं नाही. लोकांची जनावरं जपणाऱ्या माणसाला माझीच गाय परकी कशी झाली? फार नंतर कळलं, ती आपली वाटली म्हणूनच त्यांनी तिला ते घातलं होतं. कळलं तरी राग गेला नाही.

कालव्याच्या पुढच्या पाळीला आबांनी शेडकडच्या सऱ्यांना पाणी दिलंच नाही. तिथला ऊस पिवळा पडला आणि वाळला. कोबाही हळूहळू पांढरा पडत गेला. एका सकाळी त्यांनी मला शेडमध्ये हाक मारली. त्यांनी स्वतःच रंगवाल्यासारखा कागद चिकटवून ठेवला होता. तो माझ्यासमोर उकलला.

"बघ पोरी, टिपूस न्हाय."

मी हात फिरवला. खरंच कोरडा होता.

"हेच आधी केलं असतं तर, आबा," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली, काखेत धरली आणि गोठ्यावरची जवळची वाट सोडून लांबून घरी गेले.