एक शिट्टी, दहा क्रेना

भाऊरावला एका जागी बसवत नव्हतं. क्वार्टरच्या अंगणात पलंगापासून फाटकापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या. सकाळी नवाला मिलचं दरसालचं मेडिकल. यंत्रात फुंकायचं, काटा लाल रेघेच्या वर न्यायचा. दोनदा नापास झालेला. आता तिसऱ्यांदा झाला की मिलमधली चौदा वर्षांची क्रेन सुटणार आणि स्टोअरच्या खिडकीत बसायचं.

दोन्ही वेळी निघण्याआधी मायनं, तुळसाबाईनं, त्याची नजर उतरवली होती. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. ओवाळून थेट शेगडीत.

"पाह्य, मले ठसका नाही, तुलेच लागते. म्हंजे नजर निघून राहिली!" माय खूश. अर्ध्या तासात याच्या छातीत सूंसूं सुरू.

परवा मिलच्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. मिरच्यांचं ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवला.

"क्रेन कशावर हलवता?"

"खालच्या माणसाच्या शिट्टीवर."

"मग ऐका. धुरानं श्वासनळीतल्या नसा चिडतात, शिट्टी मारतात. म्हणजे एक रसायन सोडतात, न्यूरोपेप्टाइड. नळीवर ती शिट्टी ऐकणारे कान असतात, रिसेप्टर. ॲलर्जीनं तुमची नळी आधीच सुजलेली, त्यात कानही वाढलेले. शिट्टी बारीक, पण नळी गच्च आवळते."

"एक शिट्टी अन् दहा क्रेना हालल्या!"

"तेच. शिट्टीच वाजू देऊ नका."

कळलं सगळं. पण मायला सांगायचं कोणी?

माय मूठ भरून बाहेर आलीच. "बस पाटावर. कावून भटकून राहिला?"

"माय, आज जाळू नको. त्या धुरानंच दम लागते मले. डॉक्टरीण म्हणे."

मूठ हवेतच राहिली. "म्हंजे दोन्ही डाव तुले मीच नजर लावली?"

त्यानं सायकलचं हँडल धरलं, सोडलं, परत धरलं.

"बस म्हणते ना."

तिनं सात वेळा ओवाळलं. सवयीनं शेगडीकडे वळली, थबकली, आणि मिरच्या पदराला गाठ मारून बांधल्या.

दुपारी तो परतला तेव्हा ती फाटकातच उभी. गाठ तशीच.

"काटा?"

"रेघेच्या वर. दोन बोटं. उद्या फर्स्ट शिफ्ट."

"मंग ह्या मिरच्या?"

"नाल्यात टाक."

"अन् पुढच्या साली?"

त्यानं पाणी मागितलं, अर्धंच प्यालं. पाय पुन्हा चालू लागले. तेवढ्यात शेजारच्या हिराच्या कढईत मिरचीची फोडणी चर्र झाली. भाऊराव वळायच्या आत तुळसाबाईनं धावत जाऊन हिराची खिडकी बाहेरून लावून टाकली.